दुरुस्तीची पेटी

(प्रौढ वर्गासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : २ राजे १२:४–१५, २ इतिहास २४:८–१४

पाठाचा उद्देश : दवाखान्याला दिलेले यंत्र थोड्या खर्चात चालू कसे ठेवता येते व त्या कामात मंडळीचा वाटा कोणता, हे समजून घेणे.

प्रस्तावना

दान कसे द्यावे ह्याविषयी आपल्या मंडळ्यांत पुष्कळ शिकवण दिली जाते, आणि ते योग्यच आहे. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट शब्बाथ शाळेतील लहान मुलेही सांगतात. परंतु दिलेल्या दानाचे पाच-दहा वर्षांनी काय झाले, ह्याविषयी पाठ क्वचितच घेतला जातो. ह्या महिन्यात आपण तो विषय घेणार आहोत, आणि उदाहरण म्हणून दवाखान्यातील यंत्रसामग्री समोर ठेवणार आहोत.

हा विषय आपल्याला परका नाही. आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात राहतो. ह्याच इंदूर शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी व डॉ. मॅरियन ऑलिव्हर ह्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय काम केले. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस ह्यांनी १८९४ साली दवाखाना उभारला. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. आपल्या कितीतरी घरांतील मुली परिचारिका झाल्या, कितीतरी मुले दवाखान्यांत तंत्रज्ञ झाली. तेव्हा दवाखान्यातील यंत्र बंद पडले तर तो केवळ डॉक्टरसाहेबांचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

आणखी एक ताजे कारण आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत ठिकठिकाणच्या संस्थांनी व मंडळ्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतले किंवा दान म्हणून मिळविले. लाट ओसरली. ती यंत्रे आज कोठे आहेत? कोणाच्या देखरेखीखाली आहेत? उद्या रात्री दोन वाजता एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दम लागला, तर त्यांतील किती यंत्रे चालू होतील? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याजवळ आहे त्यांनी हा पाठ उजळणी म्हणून वाचावा. ज्यांच्याजवळ नाही त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

१. योवाश राजा व मंदिराची मोडतोड

योवाश सात वर्षांचा असताना राजा झाला. मंदिरात पैसा येत होता, आणि त्यातून मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी अशी राजाची आज्ञा होती. तरीपण राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झाली नाही. पैसा नव्हता असे शास्त्रभाग म्हणत नाही. मग अडले कोठे? दुरुस्तीसाठी म्हणून वेगळा ठेवलेला पैसा नव्हता, आणि हे काम अमक्याचेच असे ठरलेले नव्हते. जे काम सर्वांचे असते ते बहुधा कोणाचेच नसते.

मग यहोयादा याजकाने काय केले ते पाहा. त्याने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून ते मोजीत आणि कामावरील माणसांच्या हाती देत. सुतार, गवंडी, पाथरवट ह्यांना मजुरी मिळे. लाकूड व चिरे विकत घेतले जात. त्या पैशांतून चांदीचे पेले, कातरी, कटोरे किंवा कर्णे केले गेले नाहीत, असे राजांच्या पुस्तकात मुद्दाम नमूद केले आहे. इतिहासाच्या पुस्तकात ह्या गोष्टीचा पुढचा भाग सापडतो : दुरुस्ती पुरी झाल्यावर जे पैसे उरले, त्यांची मंदिरासाठी पात्रे करण्यात आली. म्हणजे नवी पात्रे करणे वाईट नव्हते; क्रम महत्त्वाचा होता. आधी मोडके नीट करावे, मग नवे घ्यावे.

ह्या शास्त्रभागातून चार गोष्टी घ्यावयाच्या : वेगळी पेटी, दोघांच्या साक्षीने मोजणी, कामाला नेमलेली विश्वासू माणसे, आणि नव्याच्या आधी दुरुस्ती. पुढील सर्व विवेचन ह्या चार गोष्टींभोवती आहे.

२. आजची मोडतोड किती आहे?

आपल्या देशात राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा एक कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला. त्यासाठी राज्याराज्यांतील सरकारी आरोग्य संस्थांमधील यंत्रांची मोजदाद करण्यात आली. २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये होती. निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद होती. काही राज्यांत तीन यंत्रांमागे एक यंत्र नुसते जागा अडवून बसले होते, असा ह्याचा अर्थ.

हे दुखणे केवळ आपल्याच देशाचे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मालकिन व त्यांच्या सहकारी लोरा पेरी ह्यांनी गरीब देशांतील दवाखान्यांच्या यादी-नोंदी तपासून २०११ साली एक लेख प्रसिद्ध केला. १६ देशांतील १,१२,०४० उपकरणांपैकी ३८.३ टक्के उपकरणे बंद स्थितीत होती.

आकडे ऐकून मन बधिर होते, म्हणून शिक्षकांनी ते वर्गापुढे असे मांडावेत : बंद पडलेले सक्शन यंत्र म्हणजे जन्मल्यावर घशात पाणी अडकलेले बाळ. बंद पडलेला ऑटोक्लेव्ह म्हणजे जखमेत होणारा पू. बंद पडलेला सूक्ष्मदर्शक म्हणजे हिवताप की टायफॉईड हे न कळता दिलेले औषध. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो दुसऱ्या दवाखान्यात जातो. ज्याच्याजवळ नाहीत तो त्या बंद यंत्रासमोरच बसून राहतो.

३. यंत्रे बंद का पडतात?

सामान्य समजूत अशी की सुटे भाग परदेशातून येतात आणि मोठे इंजिनियर खेड्यात येत नाहीत, म्हणून यंत्रे बंद राहतात. ही समजूत खरी आहे काय, हे मालकिन व ॲलिसन कीन ह्यांनी तपासले. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ११ देशांतील ६० गरीब दवाखान्यांत बंद पडलेली २,५२९ उपकरणे त्यांनी विचारात घेतली. जे सामान त्याच गावात मिळेल तेवढेच वापरून दुरुस्तीचा प्रयत्न करावयाचा, असा नियम होता. त्यांपैकी १,८२१ उपकरणे, म्हणजे ७२ टक्के, पुन्हा चालू झाली.

ती कशाने चालू झाली हे अधिक बोधप्रद आहे. २५ टक्के दुरुस्त्या अशा होत्या की यंत्र नीट बसविले नव्हते किंवा ते कसे वापरावे हे कोणी शिकविले नव्हते. १९ टक्के नळ्या, झडपा व गळती ह्यांविषयी होत्या. १८ टक्के साध्या विजेच्या जोडण्यांच्या, १८ टक्के यांत्रिक भागांच्या, १४ टक्के वीजपुरवठ्याच्या व ५ टक्के मोटारींच्या होत्या. बंद उपकरणांपैकी ६६ टक्के उपकरणे अवघ्या १०७ प्राथमिक कौशल्यांच्या बळावर चालू करता आली. ह्या कौशल्यांसाठी इंजिनियरची पदवी लागत नाही. शिकण्याची तयारी असलेला हात लागतो.

आपल्याकडील कारणे ह्याहून फारशी वेगळी नाहीत. विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि स्टॅबिलायझर नसतो. अर्थिंग केलेले नसते. उन्हाळ्यात धूळ व उष्णता, पावसाळ्यात दमट हवा. बोअरच्या जड पाण्याने ऑटोक्लेव्हच्या आत क्षार साचतात. माहितीपुस्तिका कपाटात कुलूपबंद असते आणि किल्ली बदली होऊन गेलेल्या माणसाबरोबर गेलेली असते. कित्येकदा यंत्र चांगले असते, परंतु बोटाला लावावयाचा प्रोब किंवा ईसीजीची वायर तुटलेली असते, आणि काही शे किंवा हजार रुपयांच्या वस्तूसाठी लाखाचे यंत्र झाकून ठेवले जाते.

४. थोड्या खर्चात निगा कशी राखावी?

(अ) यादी करा. पहिले साधन वही आहे. प्रत्येक यंत्राला एक क्रमांक द्यावा. वहीत त्याचे नाव, कंपनी, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, हमीची मुदत, पुस्तिका कोठे ठेवली आहे आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवावयाचे, हे लिहावे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख व खर्च त्याच पानावर लिहावा. एकाच यंत्रावर वारंवार खर्च होत असेल तर वही ते आपोआप दाखवून देते. बंद यंत्राला लाल चिठ्ठी व चालू यंत्राला हिरवी चिठ्ठी लावली, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला अंधारात चाचपडावे लागत नाही.

(आ) रोजचे काम रोज करा. इंदूर शहर २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत पहिले आले. २०२३ साली हा मान त्याला सुरतेबरोबर मिळाला. आम्ही इंदूरकर हे अभिमानाने सांगतो; पण त्यामागे वर्षातून एकदा झाडू घेऊन काढलेले छायाचित्र नाही, तर दारोदार येणारी कचऱ्याची गाडी आहे. यंत्राचेही तसेच आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या इंजिनियरपेक्षा रोज यंत्र पुसणारा मनुष्य त्याचे आयुष्य अधिक वाढवितो.

काही उदाहरणे देतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतील हवा ओढून घेतो, झिओलाइट नावाच्या खड्यांनी तिच्यातील नायट्रोजन अडवितो आणि उरलेला ऑक्सिजन पुढे देतो. त्याची बाहेरची जाळी धुळीने भरली की आतील पंप तापतो. म्हणून ती दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. झिओलाइटला ओल सोसत नाही. तेव्हा यंत्र ओलसर खोलीत वर्षानुवर्षे बंद ठेवू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मधूनमधून चालवावे आणि ऑक्सिजनचे प्रमाण मीटरने तपासून घ्यावे. नळीतून वारा येतो एवढ्यावरून ऑक्सिजन येतो असे समजू नये.

सक्शन यंत्राची बाटली भरण्याआधी रिकामी करावी. तिच्यातील द्रव पंपात शिरला की पंप निकामी होतो. ऑटोक्लेव्हमध्ये शुद्ध केलेले पाणी वापरावे, झाकणाचे रबर पुसून त्यावरील चिरा पाहाव्यात, आणि जादा वाफ बाहेर सोडणारी सुरक्षा झडप कधीही बांधून किंवा बंद करून ठेवू नये. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर पावसाळ्यात बुरशी येते. ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह तो बंद पेटीत ठेवावा. बॅटरीवर चालणारी यंत्रे चार्ज करून ठेवावीत. ह्या सर्व कामांना मुख्यतः वेळ लागतो. पैसा फारच थोडा.

(इ) वापरणाऱ्यांना शिकवा. नवे यंत्र आले की कंपनीचा मनुष्य एकदा दाखवून जातो. त्या वेळी डॉक्टरांबरोबर परिचारिका, वॉर्डबॉय व सफाई करणाऱ्या मावशी ह्यांनाही बोलवावे. यंत्राला हात त्यांचा लागतो. वापरण्याच्या पाच-सहा पायऱ्या मराठीत किंवा हिंदीत लिहून यंत्राजवळ टांगाव्यात.

(ई) मिळून माणूस ठेवा. एका लहान दवाखान्याला पूर्णवेळ तंत्रज्ञ परवडत नाही, परंतु शेजारच्या चार-पाच दवाखान्यांनी मिळून एक ठेवला तर आठवड्यातून एक दिवस प्रत्येकाच्या वाट्याला येतो. शक्य तेथे सर्वांनी एकाच बनावटीची यंत्रे घ्यावीत, म्हणजे सुटे भाग एकमेकांना देता येतात.

५. जेथे हात लावू नये

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. विश्वासू असणे म्हणजे सर्व काही स्वतः करणे नव्हे. मे २०१६ मध्ये आमच्याच शहरातील महाराजा यशवंतराव रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेला आणि दोन बालके दगावली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळे मृत्यू पावली. त्या आईबापांचे दुःख शब्दांत मावणारे नाही.

म्हणून गॅसच्या नळजोडण्या, व्हेंटिलेटर, भुलीची यंत्रे, क्ष-किरण यंत्रे, डिफिब्रिलेटर व बाळांना ऊब देणारे वॉर्मर ह्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणी उघडू नये. त्यांची दुरुस्ती किंवा नवी जोडणी झाली, तर रुग्णाला लावण्यापूर्वी तपासणी करून ती लेखी नोंदवावी. स्वस्तात देखभाल करावयाची, परंतु तपासणीत काटकसर करावयाची नाही. धाग्याने बांधलेली झडप व टेपने चिकटविलेली वायर ह्यांना काटकसर म्हणत नाहीत.

६. दान देताना विचारावयाचे प्रश्न

यंत्राच्या देखभालीला दरवर्षी साधारणपणे त्याच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के खर्च धरावा लागतो. समजा, मंडळीने पाच लाखांचे यंत्र दिले. मग दरवर्षी पंचवीस ते पन्नास हजार रुपये लागतील. दहा वर्षांत हा खर्च अडीच ते पाच लाखांवर जातो. दान पाच लाखांचे झाले, परंतु त्याचे ओझे दवाखान्याच्या खांद्यावर राहिले.

तेव्हा देण्याआधी दवाखान्याला विचारावे : हे यंत्र आपल्याला खरोखर हवे आहे काय? ते चालविणारा माणूस आहे काय? आपली वीज व जागा त्याला पुरेल काय? त्याला लागणारे कागद, नळ्या, रसायने दरमहा किती रुपयांची? सुटे भाग आपल्या जिल्ह्यात मिळतात काय? हमी संपल्यावर काय? परदेशातून आलेले जुने यंत्र असेल तर पुस्तिका व सर्व जोडभाग बरोबर आले आहेत काय? ह्यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर नवे यंत्र न देता जुन्या चार यंत्रांची दुरुस्ती करून देणे हे मोठे दान होय.

आम्हांला ठाऊक आहे की नव्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. बदललेल्या रबरावर लागत नाही. यहोयादाच्या पेटीत कोणी किती टाकले ह्याचीही पाटी कोठे लागलेली दिसत नाही. तरी मंदिर उभे राहिले.

७. विश्वासू माणसे

शास्त्रभागाच्या शेवटी सांगितले आहे की त्या कारागिरांकडून हिशेब मागितला जात नसे, कारण ते विश्वासूपणे वागत. ह्याचा अर्थ आपण हिशेब ठेवू नये असा कोणी काढू नये. पेटीतील पैसे दोघे मिळून मोजीत होते हे विसरता कामा नये. बोध असा की यंत्रापेक्षा माणूस आधी घडवावा लागतो.

जामखेडच्या कामाकडे पाहा. तेथे खेड्यातील स्त्रियांना, ज्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. बाळंतपण, बालकांचे पोषण, साध्या आजारांवरील उपचार हे त्यांनी आपल्या गावात सांभाळले. ह्या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या विद्येवर केवळ शिकलेल्यांचा हक्क मानला जात होता, तिच्यातील गरजेपुरता भाग साध्या माणसांना देता येतो, हे त्यांनी दाखविले. १०७ कौशल्यांविषयी वर जे सांगितले, त्याचाही अर्थ हाच नव्हे काय?

आपल्या मंडळीतही अशी माणसे आहेत. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर आहे, कोणी कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, कोणी घरी मिक्सर व पंखे दुरुस्त करतो. त्यांना उपासनेत वाचन करावयास आपण बोलावतो. त्यांच्या हातातील कसब सेवेला लावावयास बोलावतो काय? दवाखान्याच्या परवानगीने व तेथील तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली महिन्यातून एक शनिवार त्यांनी दिला, तरी तुटलेली चाके, गळणारे नळ, सैल प्लग व डुगडुगणारे स्ट्रेचर ठीक होतील. तरुणांनाही ह्या धंद्याची माहिती द्यावी. आयटीआयमध्ये वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम असतो, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत बायोमेडिकल ही शाखा असते. डॉक्टर व नर्स ह्यांखेरीज दवाखान्यात तिसरीही सेवा आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

वरील सरकारी कार्यक्रमात असे मान ठरविले गेले की जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयातील ९० टक्के वेळ व प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू असली पाहिजेत. आपल्या मंडळीने ज्या दवाखान्याला काही दिले असेल, तेथे जाऊन नम्रपणे एवढे विचारावे : आम्ही दिलेले यंत्र गेल्या वर्षी किती दिवस चालू होते? उत्तर काहीही येवो, दोष लावू नये. पेटी घेऊन जावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. तेवीस वर्षे मंदिराची दुरुस्ती का झाली नाही? आपल्या मंडळीत सर्वांचे म्हणून कोणाचेच नसलेले काम कोणते?
२. राजांचे पुस्तक व इतिहासाचे पुस्तक ह्यांतील पात्रांविषयीचा उल्लेख एकत्र वाचा. त्यातून खर्चाचा कोणता क्रम दिसतो?
३. २०२१ साली आपल्या मंडळीने किंवा गावातील संस्थेने घेतलेली उपकरणे आज कोठे व कोणत्या स्थितीत आहेत?
४. आपल्या मंडळीत हाताचे कसब असलेली कोणती माणसे आहेत? त्यांना कोणते काम देता येईल व कोणते देऊ नये?
५. वर्षाच्या दानातील किती भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येईल?

शिक्षकांसाठी सूचना

लहान मुलांच्या वर्गात पुठ्ठ्याची पेटी करून तिच्या झाकणाला भोक पाडावे व तिच्यावर "दुरुस्ती" असे लिहावे. मुलांनी घरातील एक मोडकी वस्तू आठवावी आणि ती नीट करण्यास काय लागेल ते सांगावे. मोठ्या मुलांना जवळच्या दवाखान्यात नेता आले तर तेथील तंत्रज्ञाला अथवा सिस्टरला पाच मिनिटे बोलावयास सांगावे, आणि एका यंत्राचे नोंदवहीचे पान मुलांकडून तयार करून घ्यावे. पेटीत जे पैसे जमतील ते दोघा मुलांनी मिळून मोजावेत, आणि कशासाठी खर्च झाले हे पुढच्या महिन्यात वर्गाला सांगावे.